संगणकवाल्या मुलींचं स्थळ

"यातल्या लग्न न झालेल्या कुठल्या?"

हा प्रश्न आला तेव्हा मी फळ्यावर आमच्या गटाचं नाव लिहून नुकतीच वळले होते. खोली गच्च भरली होती. सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या गोदामावरच्या त्या खोलीत आम्ही तिघींनी सात-आठ जणी येतील या हिशेबानं सतरंजी अंथरली होती, आणि बायका पार जिन्यापर्यंत बसल्या होत्या. माझा ऊर भरून आला होता. संगणकात काम करणाऱ्या एवढ्या बायका आपल्या गावात आणि आपल्याला पत्ता नाही! त्यातल्या बऱ्याचजणी पन्नाशीच्या पुढच्या का, अशी एक शंका मनात आली होती. पण शिकायला वय नसतं, असं म्हणून मी ती परतवून लावली होती.

"म्हणजे काय?" मी विचारलं.

"म्हणजे मुली कुठल्या आणि आमच्यासारख्या बघायला आलेल्या कुठल्या, ते कळू दे की," पुढच्या रांगेतल्या बाई चष्मा लावत म्हणाल्या. "नाव सांगा, शिक्षण सांगा. उंची काय, दिसतेच आहे."

माझ्या शेजारी त्रिशला मगदूम उभी होती. तिनं सावकाश मान वळवून आपल्या पद्मावतीकाकूंकडं पाहिलं. गोदाम काकूंच्या घरचं, खोली काकूंची, आणि चहाही काकूंचाच. काकू कपात चहा ओतत होत्या.

"काकू, तुम्ही काय केलंत?"

"मी काय केलं? तू पाठवलेलं आमंत्रण मी माझ्या वधूवरांच्या ग्रुपवर टाकलं. त्यात तूच लिहिलं होतंस ना, संगणक क्षेत्रातल्या मुली एकत्र येणार, स्थळ अमुक अमुक?"

"स्थळ म्हणजे जागा, काकू!"

"मग मी कुठं नाही म्हणते? जागाही चांगलीच आहे," काकू म्हणाल्या.

तर आमच्या गटाच्या पहिल्या सभेला असा प्रचंड प्रतिसाद मिळाला. त्या दिवसाचा एक फोटो आहे. गटावर काही छापून यायचं असलं की वर्तमानपत्रवाले अजून तोच मागतात. त्यातल्या बहुतेक बायकांना संगणक कुठून सुरू करतात ते माहीत नव्हतं; पण गर्दी छान दिसते.

गट काढायचं आमच्या मनात कसं आलं, तेही सांगते. मी वैजयंती खोत. तेव्हा दूध संघांची बिलं काढणारं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर होते. ऑफिसात मी एकटीच बाई, त्यामुळं दिवाळीची रांगोळी माझ्याकडं असायची. गावात संगणकवाल्यांचा एक गट होता, सर्वांना खुला. मी, त्रिशला आणि मिरजेची नाझनीन सतारमेकर, तिघी एकदा तिथं गेलो होतो. त्यांनी आमचं फार आदरानं स्वागत केलं. अध्यक्ष म्हणाले, "लेडीज आल्या, आता कार्यक्रमाला शोभा येईल." मग शोभा आणण्यासाठी त्रिशलाला सूत्रसंचालन दिलं, मला पाहुण्यांना द्यायचे गुच्छ दिले, आणि नाझनीनला दारातल्या टेबलाशी नावं लिहून घ्यायला बसवलं. नाझनीन आमच्यातली सगळ्यात तयार. आत एक पोरगा जे चुकीचं शिकवत होता, ते तिला दारातून ऐकू येत होतं.

परत येताना ती म्हणाली होती, "आपलं आपण काहीतरी काढू या. निदान आत बसायला मिळेल."

आणि आता आत बसायला आम्हालाच जागा उरली नव्हती.

पहिली सभा संपल्यावर आम्ही ठरवलं की पुढच्या शनिवारी दारावर पाटी लावायची, वरमायांना प्रवेश नाही. पाटी तयारही झाली. पण त्या शनिवारी पाटीच्या आधी अर्पिता उपाध्ये आली.

अर्पिता शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. हुशार, आणि हुशार आहे हे लपवायची कला अजून न शिकलेली. गट सुरू होण्यापूर्वी मी तिच्या आईला भेटून आले होते. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "शनिवारी संध्याकाळी, गोदामावर? कसलं शिकणं ते? नको बाई." आज त्याच माऊलीनं लेकीच्या ड्रेसला इस्त्री करून, केसांत गजरा माळून तिला स्वतः स्कूटरवरून आणून सोडलं होतं.

"आई म्हणाली, रोज असलं तरी चालेल," अर्पिता म्हणाली.

तिच्यामागून आणखी चार मुली आल्या. सगळ्या नटलेल्या. सगळ्यांच्या घरून आधी नकार आला होता, आणि आता सगळ्यांच्या आया जिन्याखाली उभ्या राहून वर बघत होत्या. नाझनीननं पाटी उलटी करून भिंतीला लावली.

अशी आमची घडी बसली. पुढच्या अर्ध्या खोलीत खुर्च्या, चहा आणि वरमाया. मागच्या अर्ध्यात सतरंजी, चार लॅपटॉप आणि जरीच्या ओढण्या खांद्यावरून पुन्हापुन्हा मागे टाकत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुली. खालून हळदीची धूळ यायची; बोटं पिवळी, लॅपटॉपची बटणं पिवळी. मधूनच एखादी बाई उठून मागं यायची, पडद्याकडं अशा नजरेनं बघायची की जणू आत काहीतरी शिजतंय, आणि मुलीला विचारायची, "रोज किती वेळ बसावं लागतं गं असं? पाठीचं काही दुखणं नाही ना?"

नाझनीनकडं आल्या की त्या विचारायच्या, "तुझं नाव काय?" ती नाव सांगायची. त्या "वा, छान" म्हणून पुढच्या मुलीकडं सरकायच्या.

"माझं बरं आहे," नाझनीन म्हणायची. "मला कुणी डिस्टर्ब करत नाही. म्हणून तर सगळं शिकवणं माझ्याच्यानं होतं."

आणि शिकवणं खरंच होत होतं. पावसाळा सरेपर्यंत अर्पिता अशी तयार झाली की पुण्याच्या एका कंपनीनं फोनवर मुलाखत घेतली. घरी आवाज जाईल म्हणून ती मुलाखत तिनं खाली गोदामात, पोत्यांच्या थप्पीआड उभी राहून दिली. वर आम्ही वरमायांना दुसऱ्यांदा चहा पाजून गुंतवून ठेवलं होतं. ती शिंकत शिंकत वर आली आणि म्हणाली, "घेतलं त्यांनी मला."

आम्ही तिघींनी तिला मिठीच मारली. आमचा गट खरंच काहीतरी करत होता!

पुढच्या रांगेतल्या आवटीबाईंनीही ते पाहिलं. पहिल्या दिवशी लग्न न झालेल्या कुठल्या असं विचारणाऱ्या त्या याच. त्यांनी पद्मावतीकाकूंना विचारलं, "ही कोण?" आणि त्याच आठवड्यात आवटींच्या धाकट्या मुलासाठी, पंकजसाठी, अर्पिताला मागणी गेली. पंकजचं एमआयडीसीत कसलंसं युनिट होतं. त्याची अट एकच होती: मुलगी संगणकवाली हवी, पण घरी बसून काम करणारी. म्हणजे पगारही येईल आणि पाहुणे आले तर चहाही होईल.

उपाध्यांच्या घरी आनंदीआनंद झाला. काकूंची मान ताठ झाली. गावात आमचं नाव झालं. त्या गटात मुलगी घातली की लग्न जमतं म्हणे! पुढच्या शनिवारी खुर्च्या भाड्यानं आणाव्या लागल्या.

अर्पिता मात्र त्या दिवशी लॅपटॉप न उघडताच माझ्या शेजारी बसली.

"वैजूताई, मी पुण्याला हजर व्हायच्या आठवड्यातच साखरपुडा ठरवतायत. मी नोकरीचं काढलं तर बाबा म्हणाले, लग्नानंतर सासरचे म्हणतील तसं."

"मग?"

"आवटीकाकू तुम्हाला घरी बोलावणार आहेत. माझा स्वभाव विचारायला. तुम्ही वाईट सांगा."

"काय वाईट सांगू?"

"काहीही. माझं कुणाशी तरी आहे म्हणून सांगा."

"ते तुझ्या वडिलांच्या कानावर गेलं तर पुणं राहू दे, तुला तासगावला जाऊ देणार नाहीत."

तिचे डोळे भरून आले. तिला रडताना मी कधीच पाहिलं नव्हतं. प्रोग्रॅम बिघडला की ती दात-ओठ खायची, रडायची नाही.

"मग काय करणार तुम्ही?"

"वाईट काही नाही सांगणार," मी म्हटलं. "खरं सांगते."

आवटींचा बंगला विश्रामबागेत. सोफ्याला कव्हर, कव्हरावर आणखी एक टॉवेल. आवटीबाईंनी मला समोर बसवलं. त्यांची थोरली सून पोहे घेऊन आली, खाली मान घालून ठेवून गेली, आणि चहासाठी आत वळली.

"तुम्ही मोकळेपणानं सांगा हं," आवटीबाई म्हणाल्या. "मुलीला तुम्ही जवळून बघताय. स्वभाव कसा?"

"चिकाटीचा," मी म्हटलं. "कुठं काही चुकतंय अशी शंका आली, की ते कुठं चुकलं, कधीपासून चुकतंय आणि कुणामुळं, हे शोधून काढल्याशिवाय उठत नाही."

"कामातलं ना?"

"सुरुवात कामातून होते."

"हं." त्यांनी पोह्यांची बशी माझ्याकडं सरकवली. "मोठ्यांचं ऐकते?"

"ऐकून घेते सगळं. मग का, ते विचारते. आमच्यात असंच असतं म्हटलं की तिला चालत नाही. असंच का असतं, ते सांगावं लागतं."

"म्हणजे उलट बोलते?"

"छे छे. अगदी शांतपणे बोलते. उत्तर मिळेपर्यंत बोलते."

"आणि घरकामाची आवड?"

"तिचं एक तत्त्व आहे," मी म्हटलं. आता मला रंग चढला होता. "तेच तेच काम पुन्हा हातानं करावं लागलं की तिला संताप येतो. म्हणते, माणसानं एकदा नीट डोकं चालवावं, पुढं ते काम आपोआप झालं पाहिजे. नाहीतर ज्यांना पाहिजे त्यांनी करावं."

"पण स्वयंपाक आमच्यात दोन वेळा असतो."

"तेच म्हणते मी."

 स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. दारात थोरली सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

"चारचौघात वागायला कशी?" आवटीबाईंनी शेवटची आशा धरून विचारलं.

"कुणालाही घाबरत नाही. आठ-दहा पुरुषांत एकटी असली तरी आपलं म्हणणं सोडत नाही. मी तर म्हणते, पाच वर्षांत ती सगळ्यांना कामाला लावेल. तुमच्या पंकजचं युनिटसुद्धा सांभाळेल. सांभाळेल म्हणजे, तोच तिच्या हाताखाली शिकेल."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. एवढी मनापासून मी आयुष्यात कुणाची स्तुती केली नव्हती.

"मुलगी फारच हुशार आहे हो," आवटीबाई उसासा टाकून म्हणाल्या. "आम्हाला इतकी लागत नाही."

मग त्या दाराकडं हात करून कौतुकानं म्हणाल्या, "आता ही आमची स्वरूपा. हीसुद्धा इंजिनिअरच, कॉम्प्युटरचीच, कॉलेजात पहिली आलेली. पण बघा, कळतं तरी का कुणाला?"

खरंच कळत नव्हतं. स्वरूपानं चहा ठेवला. चहावर साय धरली होती.

मी निघाले तेव्हा ती फाटक लावायला बाहेर आली. मी चपला घालत होते, आणि अर्पिताला काय काय सांगायचं ते मनात जुळवत हसत होते.

"बरीच वर्षं हात लावला नसेल तर येतं का हो परत?" ती म्हणाली.

"काय? हो, येतं की," मी म्हटलं. नीट वर पाहिलंसुद्धा नाही.

"शनिवारीच असतं ना?"

"शनिवारी," मी म्हटलं आणि गाडीला किक मारली.

स्थळ मोडलं. आवटींनी निरोप धाडला, पत्रिका जुळत नाही. पण खरं कारण दोन दिवसांत सगळ्या गावाला कळलं. अर्पिताची आई थेट माझ्या ऑफिसात आली आणि सगळ्यांसमोर कडाडली, "माझ्या पोरीची इतकी स्तुती करायची तुम्हाला काय गरज होती? तिनं तुमचं काय वाकडं केलं होतं?"

माझे साहेब केबिनमधून बाहेर येऊन बघू लागले. मी मान खाली घातली.

अर्पिताच्या वडिलांनी मात्र व्यवहार बघितला. बोभाटा झालाच आहे, तर मुलगी काही दिवस नजरेआड असलेली बरी. लोक विसरतील तोवर पुण्यात राहू दे, नोकरी का करेना. अशी ती रीतसर, घरच्यांच्या परवानगीनं, बदनामी म्हणून पुण्याला गेली. एसटीत बसताना तिनं खिडकीतून माझा हात असा दाबला की बांगडी वाढली. शेजारी तिची आई डोळे पुसत होती. माझ्याकडं बघायचं टाळून.

गटाचं काय झालं असेल, ते कुणीही सांगेल. वरमाया एकदम अदृश्य झाल्या. त्यांच्याबरोबर मुलींचे गजरे गेले, इस्त्रीचे ड्रेस गेले आणि मुलीही गेल्या. कारण आता त्या गटात घातलेली मुलगी हाताबाहेर जाते, असं ठरलं होतं. पद्मावतीकाकूंनी त्रिशलाकडून किल्ली मागून घेतली.

"हळद यायला लागली, जागा लागणार," काकू म्हणाल्या.

"हळद यायला अजून तीन-चार महिने आहेत, काकू."

"यंदा लवकर येईल," काकू म्हणाल्या.

पुढचा शनिवार आम्ही नाझनीनच्या घरी, मिरजेत धरला. तिच्या वडिलांचं सतारी-तंबोरे बनवायचं काम. घरातली बाहेरची खोली म्हणजे त्यांचा कारखानाच. आढ्याला वाळलेले भोपळे टांगलेले, कोपऱ्यात तारा न लावलेले तंबोरे उभे. "वाद्यांना धक्का लागला नाही म्हणजे झालं. बाकी काय पाहिजे ते शिका," एवढंच चाचा म्हणाले.

आम्ही तिघी बसलो. शिकवणाऱ्या तीन, शिकणारं कुणी नाही.

"आपण महिलांसाठी बरंच काम केलं," त्रिशला म्हणाली. "सगळ्या महिला घरी पोचल्या."

नाझनीन हसली. "बंद करायचं का?" ती म्हणाली.

मी 'हो' म्हणणार होते. आवटींच्या सोफ्यावर मी जी आतषबाजी केली, तिनं एक मुलगी सुटली खरी; पण चार-पाचजणींची वाट बंद झाली, हे मला दिसत होतं. तेवढ्यात दारात कुणीतरी चपला काढल्या.

स्वरूपा आवटी. हातात रिकामी कापडी पिशवी, कपाळावर घाम. गोदामाला कुलूप बघून तिनं खाली हमालांना विचारलं होतं, तिथून त्रिशलाचं घर गाठलं होतं, तिथून वडापच्या जीपनं मिरजेला आली होती.

"मिरजेत भाजी ताजी मिळते म्हणून सांगून आलेय," ती धापा टाकत म्हणाली. "दीड-दोन तास आहेत. भाजी निवडायला मला वेळ लागतो, हे घरी माहीत आहे. सगळं विसरलेय हं मी. पहिल्यापासून सांगा."

नाझनीननं लॅपटॉप तिच्याकडं फिरवला. स्वरूपानं बोटं बटणांवर ठेवली आणि नुसती ठेवूनच बसली. मग म्हणाली, "आमच्या वेळी हे बटण इकडं होतं." आणि टाइप करू लागली.

तास उलटून गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं. "अगं, भाजी!"

तिनं डोळे मोठे केले. मीच पिशवी उचलली आणि धावत मंडई गाठली. गवार, दोडका, मेथीची जुडी. स्त्रियांना संगणक क्षेत्रात पाठबळ देणाऱ्या आमच्या गटाचं पहिलं ठोस काम कोणतं, असं कुणी विचारलं, तर ते हे.

मग ते चालूच राहिलं. दर शनिवारी एकजण भाजीला जायची आणि दोघी तिच्याबरोबर बसायच्या. माझी भेंडी जून निघाली. "सासूबाई म्हणाल्या, हल्ली लक्ष कुठं असतं तुझं," स्वरूपा सांगायची. त्रिशलाची वांगी किडकी निघाली. नाझनीनची भाजी मात्र आवटीबाईंना इतकी पसंत पडली की त्यांनी सुनेला मिरजेलाच जात जा म्हणून सांगितलं. स्वरूपानं मागचं सगळं भरून काढलं आणि दिवाळीनंतर तर ती नाझनीनला उलट प्रश्न विचारू लागली. एकदा चूक सापडली, की कुठं चुकलं, कधीपासून चुकलं, हे शोधल्याशिवाय ती उठेना.

जानेवारीतल्या एका शनिवारी ती आली तेव्हा तिच्या हातात पिशवी नव्हती. आम्ही तिघीही घाबरलो.

"पिशवी विसरलीस?" मी विचारलं.

"नाही. आज सांगून आले. कुठं जाते ते."

त्रिशला मंडईत आधीच जाऊन आली होती. हातातली भाजी तशीच धरून ती उभी राहिली.

"मग? काय म्हणाल्या त्या?"

"आधी नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, इतके दिवस भाजी कोण आणत होतं?" स्वरूपा सतरंजीवर बसली. ती हसत होती. "मी म्हटलं, मैत्रिणी. मी चपला घातल्या तेव्हा आतून म्हणाल्या, येताना गाजरं आण."

त्रिशलानं हातातली पिशवी पुढं केली. "यात गाजरं आहेत बघ. घेऊन जा."

"राहू दे," स्वरूपा म्हणाली. "माझी मी आणते जाताना. नाझनीन, मागच्या वेळी अडकलं होतं ते काढ आधी."